पाय टेकायचा नाही

आमच्या घरात रविवारचं मटण दोनदा वाढलं जायचं. एकदा एक वाजता आई, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांसाठी, आणि मग चार वाजता, कधी पाचला, एकट्या अण्णांसाठी. मधल्या वेळात त्यांच्या वाट्याचं पातेलं ताटलीखाली झाकलेलं असायचं आणि ताटलीवर वरवंटा ठेवलेला असायचा, कारण अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बैठ्या चाळीत मांजरं माणसांपेक्षा जास्त होती. आई जेवून झालं की शिलाईमशीनवर बसायची. उल्हासनगरच्या एका शेठचे परकर ती शिवायची. रविवार असो की सण, तिच्या पायाखालची ती खडखड थांबायची नाही. अण्णांची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की ती मात्र थांबायची. मशीन थांबलं, की मी स्टोव्ह पेटवायला उठायची. हे सगळं न बोलता चालायचं. बोलणं व्हायचं ते पहाटे. अण्णा अंधारात चपला शोधायचे आणि आई पडल्या पडल्या विचारायची, "कुठं निघालात?" "सायकलवर." "सायकलवर कुठं?" "घाटात." "घाटात काय आहे?" यावर अण्णा जरा विचार करायचे. खरंच विचार करायचे, मी गोधडीतून बघायची. मग म्हणायचे, "घाट आहे." आणि जायचे.

माझे वडील एका कंपनीत फिटर होते. सहा दिवस मशीन उघडायची, सातव्या दिवशी तरी माणसानं हातपाय पसरून झोपावं की नाही. पण नाही. शनिवारी संध्याकाळी ते आपली काळी, चोवीस इंची, शेजारपाजारच्या सायकलींसारखीच जड सायकल ओट्यावर उलटी करायचे आणि तिचं एक एक ओझं उतरवायचे. स्टँड काढ, कॅरिअर काढ, चेनकव्हर काढ, घंटीसुद्धा काढ. सोमवारी सकाळी ड्युटीवर जायच्या आधी ते सगळं परत बसवायचे. मागची फ्रीव्हील त्यांनी उल्हासनगरच्या लछू अंकलकडून मोठी, जास्त दात्यांची शोधून आणली होती, म्हणजे चढावर पाय हलका पडतो. लछू अंकलचं सायकलचं दुकान होतं आणि त्यांचं अण्णांवर प्रेम होतं, पण अण्णांचं हे घाटात जाणं त्यांनाही समजत नव्हतं. मला म्हणायचे, "बेटी, तेरे अण्णा को पहाड का भूत लगा है. धंदे का आदमी होता तो मैं कहता, उधर कुछ माल है. माल भी नहीं है, साईं!" आता मी चिखलोलीच्या एका नव्या इमारतीत राहते आणि रविवारी पहाटे खालून हेल्मेट घातलेली, घट्ट कपड्यांतली पोरं-पोरी लाखाच्या सायकली घेऊन निघताना बघते, त्यांना कुणी काही विचारत नाही. त्या काळी सायकल ही पोटामागे न्यायची वस्तू होती. दूधवाला, पाववाला, कामगार. डोंगर चढायला सायकल, तेही वर काही काम नसताना, म्हणजे डोकं फिरलेल्याचं लक्षण. मी अण्णांची मुलगी, मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

खरी पंचाईत विहारात झाली. आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना असायची आणि अण्णा कधीच नसायचे. पहिली दोन-तीन वर्षं बायकांनी नुसतं विचारलं, "मिस्टर दिसत नाहीत हो?" आई "ओव्हरटाइम" म्हणायची. मग एके दिवशी जाधवकाकूंनी तिला पाण्याच्या नळाशी गाठलं. जाधवकाका खडीचा ट्रक चालवायचे, घाटातून त्यांचं येणं-जाणं होतं. त्यांनी अण्णांना बघितलं होतं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर कठड्यावर एक शेंदूर फासलेला दगड आहे, गाडी चढावर बंद पडू नये म्हणून ड्रायव्हर लोक तिथं नारळ फोडतात, उदबत्ती लावतात. त्या दगडावर हात ठेवून, मान खाली घालून माझे वडील उभे होते. "आणि वार कोणता, तर रविवार," जाधवकाकू म्हणाल्या. "तुमच्या सासरचं कुलदैवत कोणतं होतं ताई, पूर्वी?" आईला कळायचं ते कळलं. रविवार खंडोबाचा. आमच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते, आणि दुसऱ्यांच्या घरात लढाईच्या गोष्टी सांगतात तशी आमच्या घरात ती गोष्ट सांगितली जायची. आता त्याच आजोबांचा मुलगा सायकलवरून गुपचूप देवाला जातो, असं विहारातल्या बायकांच्या मनात येणं म्हणजे आईच्या दृष्टीनं तोंड दाखवायला जागा न राहणं.

त्या दिवशी भाकऱ्या थापताना ती इतक्या जोरात थापत होती की परातीचा आवाज चौथ्या खोलीत गेला असेल. अण्णांना तिनं विचारलं नाही. मला वाटतं तिला भीती होती की ते पुन्हा खूप विचार करतील आणि 'घाट आहे' म्हणतील. तिनं मला बाजूला घेतलं. "सुजे, येत्या रविवारी तू जा त्यांच्यासंगं. डोळे उघडे ठेव. तिथं देऊळबिऊळ काय आहे, ते काय करतात, सगळं मला येऊन सांग. तसलं काही निघालं ना, तर ती सायकल मी भंगारवाल्याला देईन, आणि त्यांनी कितीही समजूत काढली तरी ऐकणार नाही." मी तेव्हा नववीत होते. माझ्याकडे शाळेची लेडीज सायकल होती आणि बेलवलीच्या पलीकडे मी ती कधी नेली नव्हती. अण्णांना मी म्हटलं, मला यायचंय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझी सायकल ओट्यावर उलटी केली आणि तिचंही स्टँड, कॅरिअर काढलं. एवढंच.

घाटाचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या बाजूला डोंगरात जाणारे रस्ते काही कमी नाहीत, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नाव लिहिलं की लोक गाड्या आणि स्पीकर घेऊन जातात. थंडीचे दिवस होते. बदलापूर उजाडायच्या आत मागे पडलं आणि मग घरं संपली. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आमच्याकडे भोंगे, मशीन, नळावरची भांडणं, रात्री उशिरापर्यंत कुणाचा तरी रेडिओ. इथं नुसती अण्णांच्या चेनची बारीक सरसर आणि माझ्या सायकलीचं करकर. दोन्ही बाजूंना साग, त्याची वाळलेली पानं रस्त्यावर, चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखी मोडायची. तासाभरात एक ट्रक गेला असेल. अण्णा पुढं, मी मागं. ते घरात बोलायचे नाहीत, इथंही बोलत नव्हते, पण इथलं न बोलणं वेगळं होतं, कसं ते मला सांगता येत नाही. घाटाच्या पायथ्याशी थांबून आम्ही ज्वारीची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली. तिथं त्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी समजावून सांगितलं. "पाच वळणं आहेत. वर पोचेस्तोवर पाय जमिनीला टेकायचा नाही. टेकला तर चढलो असं म्हणायचं नाही." मी विचारलं, "कुणी बघतंय का पण?" ते म्हणाले, "म्हणून तर."

हे 'म्हणून तर' मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या वळणावरच माझा पाय टेकला. टेकला म्हणजे काय, सायकलच उभी राहिली, पायडल पुढं जाईना. उतरून ढकलायला लागले. मांड्या थरथरत होत्या आणि मला रडू येत होतं, त्यात पुन्हा आईनं सांगितलेलं काम होतं, डोळे उघडे ठेवायचे. अण्णा वळणापलीकडे दिसेनासे झाले. मी ढकलत ढकलत तिसऱ्या वळणावर आले आणि थांबले. जाधवकाकांनी सांगितलं होतं तेच समोर होतं. कठड्यावर लालभडक दगड. अण्णांचा डावा हात त्याच्यावर. मान खाली, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते.

 किती वेळ ते तसे होते कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, म्हणाले, "आलीस?" आणि दगडाला रेटा देऊन सायकल पुढं काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते सायकलवरच बसलेले होते. त्यांचे दोन्ही पाय पायडलवर होते. आज मला हे अगदी सोपं वाटतं. पाय टेकायचा नाही हा नेम. दम खायला थांबायचं, किंवा त्या दिवशी माझ्यासाठी थांबायचं, तर आधार पाहिजे. त्या अख्ख्या घाटात हाताच्या उंचीला येणारी वस्तू एकच, तो दगड. दम लागलेला माणूस मान खाली घालणारच. आणि ओठ हलत होते ते वर्षानुवर्षांच्या सवयीनं, चढावर ते पायडल मोजायचे. पण मग थांबल्या जागी काय मोजत होते? हे मला चाळीस वर्षं सुटलेलं नाही. त्या वेळी तर माझं डोकं गरगरायलाच लागलं होतं. देवाला हात लावून उभे होते असं म्हणावं तर पाय पायडलवर. पाय पायडलवर म्हणावं तर डोळे मिटलेले.

वर गेलो. वर काही नव्हतं. आईला सांगायला काहीतरी असावं म्हणून मी फिरून फिरून बघितलं. एक सपाटी, दोन पळसाची झाडं, आणि कड्याच्या पोटात खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. चार पायऱ्या उतरून जायचं, आत काळंभोर गार पाणी. वरच्या अंगाला भिंतीत एक कोनाडा, रिकामा. अण्णांनी बाटली भरली, मला पाजलं, मग टॉवेल तोंडावर टाकून आडवे झाले आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागले. एवढ्यासाठी माणूस रात्रीचा उठून तीन-चार तास पाय मारतो! मी त्या कोनाड्याकडे बघत बसले. परतीचा उतार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. वारा इतका की डोळ्यांतून पाणी, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पुढं अण्णा वळणावर अंग कलतं करायचे तसं मीही करायचे, आणि ज्या चढानं मला तासभर रडवलं तो दहा मिनिटांत संपला. खाली आल्यावर मी हसत होते. का ते मला माहीत नव्हतं. पुन्हा यायचं, एवढंच डोक्यात होतं.

घरी आलो तेव्हा मशीन थांबलं. अण्णा आंघोळीला गेले आणि आई थेट सायकलीकडे गेली. हँडलच्या डाव्या मुठीला शेंदूर लागला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोट मला दाखवलं.  तिचं तोंड असं झालं होतं की मला भंगारवाल्याची हाकच ऐकू आली. "वर लेणं आहे," मी म्हणाले. कुठून आलं तोंडात, देव जाणे. आमच्यात असं म्हणत नाहीत, पण सवय जात नाही. "कसलं लेणं?" "बुद्धाचं. जुनं आहे. खडकात खोदलंय. पाण्याचं टाकं आहे, कोनाडा आहे. अण्णा तिथं डोळे मिटून शांत बसतात." "आणि हे?" "तो दगड वाटेत आहे. तोल जातो म्हणून हात लागतो." गंमत अशी की दगडाचं मी खरं सांगितलं, माझ्या नकळत, आणि ते तिला थापेसारखं वाटलं, लेण्याचं खोटं सांगितलं ते तिला लगेच पटलं. ती खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "आणि मी बाई काय काय मनात आणलं," ती म्हणाली. त्या दिवशी अण्णांना तिनं नळीची हाडं वाढली. अण्णांनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि काही न कळून जेवले.

खोटं एकदा बोललं की ते आपलं राहत नाही. पुढच्या रविवारी आईनं विहारात ते सगळ्यांना सांगितलं, जाधवकाकूंना जरा जास्तच मोठ्यानं. आमच्याकडे भालेराव गुरुजी होते, निवृत्त शिक्षक, वंदना तेच घ्यायचे. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. "आपल्या इतक्या जवळ लेणं, आणि आपल्याला ठाऊक नाही!" तिथल्या तिथं ठरलं की बुद्धपौर्णिमेला सगळ्यांनी टेम्पो करून जायचं. मी त्या दिवसापासून एक केलं. रोज संध्याकाळी घरी पंचशील म्हणताना चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की मी गप्प राहायची. तोंड हलवायची, आवाज काढायची नाही. आपण मोडलेली गोष्ट पुन्हा पाळतो म्हणून सांगायची मला लाज वाटायची. आईला पत्ता लागला नाही. अण्णा माझ्या शेजारी बसायचे.

अण्णांना आई म्हणाली होती, "सांगायचं तरी होतंत, लेण्यात बसता म्हणून." ते नुसतं "हं" म्हणाले. माझ्याकडे बघितलं, बस्स. पुढच्या वेळी आम्ही वर गेलो तेव्हा झोपले नाहीत. टाक्याच्या पायऱ्या उतरले, भिंतीवरून हात फिरवला, फिटर जसा नवीन मशीनवरून फिरवतो तसा. "छिन्नीचं काम आहे. हात चांगला होता त्याचा," म्हणाले. मग कोनाड्यासमोर उभे राहिले. "हे लेणं?" माझी मान खाली. "असेल," मी म्हणाले. त्यांनी बराच वेळ विचार केला. "असेलही," ते म्हणाले. "मला पाणी गोड आहे एवढंच माहीत होतं." रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत राहिले, ते रागावलेच नाहीत.

बुद्धपौर्णिमेला टेम्पो निघाला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मध्ये खिरीचं पातेलं दोरीनं बांधलेलं. अण्णा म्हणाले, मी सायकलवर येतो, आणि पहाटेच पुढं गेले. मला आईनं टेम्पोत घेतलं. घाट सुरू झाला तशी गाडी पहिल्या गिअरवर आली, आणि दुसऱ्या वळणानंतर अण्णा दिसले. माझ्या आईनं त्यांना असं कधी बघितलंच नव्हतं. वैशाखातलं ऊन, पाठीला चिकटलेला सदरा, पायडलवर उभे राहून एकेक पाय दाबत चाललेले.  "अगं बाई," आई म्हणाली, "हे असं करतात?" तिला काय वाटलं ते मला आजही माहीत नाही. तिच्या आवाजात कीव होती की आणखी काही, मी पुष्कळदा आठवून बघते. ड्रायव्हरला पुढं जायला जागा नव्हती, गाडी त्यांच्या मागे मागे घरघरत राहिली. आणि समोर तिसरं वळण आलं.

 त्यांचा दम संपला होता, सायकल डावी-उजवी डुलत होती. मागं गाडी, पुढं चढ. आता ते दगडाला हात लावणार. दर वेळी लावतात तसा. आणि अख्खा विहार, जाधवकाकूंसकट, बघत होता. हात लावला तर सगळं संपलं. लेणं खोटं, आई खोटी, मी खोटी. काकू तर पुढं सरकूनच बसल्या होत्या. अण्णांचा डावा हात मुठीवरून सुटला. दगड हातभर राहिला होता. हात तसाच हवेत राहिला एक क्षण, मग परत मुठीवर गेला, आणि अण्णांनी पाय टेकला.

आईला त्यात काही दिसलं नाही. "दमले हो," ती म्हणाली. सगळे हळहळले. कुणीतरी सायकल टेम्पोत टाका म्हणालं. अण्णांनी मानेनंच नाही म्हटलं आणि दगडापासून दूर, रस्त्याच्या मधोमध, सायकल हातात धरून चालायला लागले. इतक्या वर्षांत, भर पावसात, एकदा तापातसुद्धा, या माणसानं त्या घाटात पाय टेकला नव्हता. हे त्या टेम्पोत एकट्या मला माहीत होतं. मी खिरीच्या पातेल्याला धरून बसले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडणार?

वर गेल्यावर भालेराव गुरुजी टाक्याच्या पायऱ्यांवरून असे उतरले की पडतात की काय वाटलं. ओंजळीनं पाणी प्याले. "भर वैशाखात पाणी," ते म्हणाले, "खडकाच्या पोटात! भिक्खूंशिवाय हे कोण करून ठेवणार?" कोनाड्याला हात लावून त्यांना गहिवरून आलं. पुढं बऱ्याच वर्षांनी कुणी जाणकार मंडळी तिथं येऊन मोजमापं घेऊन गेली, काय ठरलं ते आमच्यापर्यंत आलं नाही. म्हणजे मी खोटं बोलले की नकळत खरं बोलले, याचाही निकाल लागलेला नाही. त्या दिवशी गुरुजी अण्णांकडे वळले, सगळ्यांसमोर त्यांचे हात हातात घेतले आणि विचारलं, "तुम्हाला हे कसं सापडलं? इतकी वर्षं इथं ध्यानाला बसता, कुणाला बोलला नाहीत."

आता अण्णा खूप विचार करणार हे मला ठाऊक होतं. त्यांनी केला. आई त्यांच्याकडे बघत होती, तिचा चेहरा इतका आनंदी मी क्वचितच बघितला असेल. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी नुसता पाणी प्यायला येत होतो गुरुजी," ते म्हणाले. "इथं घोरत पडायचो. हे लेणं आहे असं आमच्या सुजानं सांगितलं. मला कळलं नव्हतं." लोक हसले, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, गुरुजींनी मला पुढं बोलावलं आणि "पोरीची नजर बघा" म्हणाले. सगळ्यांना वाटलं, अण्णा विनयानं बोलतायत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि ते बोलल्यावर ती सपाटी, ते पाणी, ते रविवार त्यांचे राहिले नाहीत, हे त्यांनाही कळलं असणार. पुढं दर पौर्णिमेला टेम्पो यायला लागला. अण्णांनी दुसरा रस्ता धरला, आणखी लांबचा, आणि मीही त्यांच्याबरोबर जायला लागले, पण त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते थकल्यावर एकदा मी धीर करून विचारलं होतं, "दगडापाशी डोळे मिटून काय म्हणायचा?" ते म्हणाले, "तुझी वाट बघत होतो." "पण ओठ हलायचे." त्यावर त्यांनी विचार केला, बराच वेळ केला, आणि त्यांना झोप लागली.

तर त्या बुद्धपौर्णिमेला, गुरुजींचं बोलणं झाल्यावर, टाक्यापाशी वंदना झाली. कोनाड्यात आईनं घरून आणलेली छोटी मूर्ती ठेवली, सगळे ओळीनं बसले, अण्णा नेहमीसारखे माझ्या शेजारी. त्यांच्या सदऱ्याला घामाचा आणि चेनच्या तेलाचा वास येत होता. गुरुजींनी पंचशील सुरू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळ्यांचा आवाज खडकावर आपटून परत येत होता, अण्णांचा जाड आवाज माझ्या कानाशी. चौथं आलं. मी गप्प झाले. आणि शेजारचा आवाजही बंद झाला. मी तिरक्या डोळ्यानं बघितलं. अण्णा समोर बघत होते, ओठ मिटलेले. त्यांनी तर खोटं सांगितलं नव्हतं. मग ते का थांबले? दगडापाशी खरंच काही होतं, म्हणून? की शेजारी मी रोज कुठं गप्प होते ते त्यांनी कधीच ओळखलं होतं, आणि मला तिथं एकटी सोडायची नव्हती, म्हणून? मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले आहे. आईनं मला कोपरानं ढोसलं, "म्हण की." पाचवं शील आम्ही दोघांनी मोठ्यानं म्हटलं.